अर्ध्या गुणाचा मासा

अर्धा हा आकडा फार वाईट. बँकेतल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आमच्या आधीच्या पिढीतले कारकून सांगत, की हजार रुपयांचा फरक आला तर तो दहा मिनिटांत सापडे. पण पन्नास पैशांचा फरक आला की सगळी शाखा रात्री नऊपर्यंत लेजरांत डोके खुपसून बसे. हल्ली हिशेब संगणक जुळवतो, त्यामुळे आम्ही या सुखाला मुकलो. पण नशिबात असेल ते टळत नाही म्हणतात. मला माझा अर्धा गेल्या दिवाळीच्या आधी घरीच सापडला.

आमची कन्या पाचवीत आहे. तिचा सहामाहीचा मराठीचा पेपर सहीसाठी घरी आला. प्रश्न होता समूहदर्शक शब्दांचा. केळ्यांचा घड, मडक्यांची उतरंड, भाकऱ्यांची चवड, गुरांचा कळप, सगळे बिनचूक. नोटांचे पुडके आणि नाण्यांची चळत तर बापाच्या पुण्याईने बरोबरच यायची होती. शेवटची जागा होती माशांची. तिथे कन्येने लिहिले होते, 'थवा'. त्यावर तांबड्या शाईची आडवी काट, बाजूला 'गाथण' आणि समासात अर्धा गुण वजा. खाली शेरा : 'शब्द दहा वेळा लिहा.'

"थवा पक्ष्यांचा असतो गं," मी सही करता करता म्हणालो. बापाने म्हणायचे असते ते म्हणालो.

"पण बाबा, मी बघितलाय. आजोबांनी दाखवला."

इथे थोडा खुलासा केला पाहिजे. कन्येचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, मालवणच्या बाजूला समुद्रकाठी राहतात. नोकरी त्यांनी सरकारी केली, पण किनाऱ्यावर रापण लागली आणि यांनी दोरीला हात लावला नाही, असे कधी झाले नाही. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर माणसे दोन रांगा करून ओढतात. पण जाळे सोडण्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा. कोणीतरी अनुभवी माणूस पाण्याकडे बघत उभा असतो. आपल्याला सगळीकडे सारखेच पाणी दिसते. त्याला त्यात एक काळपट डाग दिसतो. तो डाग सरकतो, वळतो, पसरतो, पुन्हा गोळा होतो. मे महिन्यात सासऱ्यांनी नातीला खांद्यावर घेऊन तो डाग दाखवला होता. "थंय बघ गो, पाणी काळा दिसता मा? तो बांगडो इलो!" आणि त्या काळ्या पाण्याला एकाएकी चांदीच्या हजार कडा फुटल्या, असे कन्या आम्हांला पुढे आठवडाभर सांगत होती. पाखरांचे थवे वळतात ना, तसे ते वळले म्हणे. म्हणून तिने लिहिले 'थवा'.

आता 'गाथण' म्हणजे काय? गाथण म्हणजे दोरीत ओवलेली माळ. म्हणूनच आमच्या यादीत 'काजूंची गाथण' आणि 'माशांची गाथण' या दोघी शेजारी-शेजारी नांदतात. शब्द उत्तम आहे. बाजारातून माणूस कल्ल्यांतून दोरी ओवलेले मासे हातात लोंबकळवत घरी निघाला, तर त्याच्या हातात जे असते ते गाथण. त्या माशांना कोणताही आक्षेप घेण्याची सोय उरलेली नसते. पण समुद्रात फिरणाऱ्या माशांना गाथण म्हणायचे, म्हणजे रानात चरणाऱ्या कोंबड्यांना 'रस्सा' म्हणण्यासारखे झाले!

हे मला त्या रात्री जेवताना सुचले. सुचल्यावर मी खूश झालो आणि खूश झालो की मी बोलतो. तिथेच माझे चुकले.

कारण कन्येने लगेच दुसरा प्रश्न विचारला. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी माशांच्या समूहाला 'शोल' शब्द दिला होता. शब्दकोशात बघावे तर 'शोल'पुढे दोन अर्थ : एक, माशांचा मोठा समूह, दोन, समुद्रातली उथळ जागा, वाळूचा दांडा. "बाबा, एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे?"

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. भाषाशास्त्राशी माझा संबंध धनादेशावरची अक्षरी रक्कम वाचण्यापुरता. पण बाप म्हणून 'माहीत नाही' हे दोन शब्द उच्चारायला जीभ वळत नाही. मी वरणाची वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "सोपं आहे. मासे उथळ पाण्यात जमतात. म्हणून उथळ जागेचं नाव माशांना पडलं."

"आणि पुस्तकात 'स्कूल ऑफ फिश' पण आहे, ते?"

"मासे शिस्तीत पोहतात. शाळेतल्या मुलांसारखे. म्हणून स्कूल."

कन्येचे डोळे चमकले. आमच्या हिने माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे तिने गृहकर्ज मंजूर झाले तेव्हाही पाहिले नव्हते. मीही स्वतःवर इतका खूश होतो, की दुसऱ्या दिवशी कॅश काउंटरच्या आतल्या बाजूला हे ज्ञान मी चार सहकाऱ्यांना वाटले. त्यांनी ते घरी नेले. म्हणजे दोन दिवसांत किमान पाच कुटुंबांत माझी खोटी नोट चलनात आली.

खोटीच! शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ती उजेडाकडे धरून दाखवली. त्यांच्याकडे शब्दांच्या कुळकथा सांगणारा एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः चहा करायला आत गेले. सभ्य माणसे दुसऱ्याची फजिती अशी खाजगीत होऊ देतात.

हकीकत अशी आहे. 'शोल' हा एक शब्दच नव्हे. ते दोन शब्द आहेत. उथळ जागेचा शोल हा जुन्या इंग्रजीतल्या 'उथळ' अर्थाच्या शब्दापासून आला. इंग्रजीत उथळाला आजही 'शॅलो' म्हणतात, तो त्याचाच भाऊबंद. माशांचा शोल निराळा. तो बहुधा डचांकडून, समुद्रावरच्या देवघेवीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ जमाव, टोळी. वर्षानुवर्षे तोंडात घोळून दोघांचा उच्चार नि स्पेलिंग एक झाले, इतकेच. एकाच आडनावाची दोन माणसे एकाच वाड्यात राहतात आणि पोस्टमन त्यांना भाऊ समजतो, तसला प्रकार.

आणि माशांचे 'स्कूल'? त्याचा शाळेशी काडीचा संबंध नाही. ते त्याच डच शब्दाचे दुसरे रूप, शोलच्याही आधी इंग्रजीत आलेले. म्हणजे माशांचा शोल आणि माशांचे स्कूल हे सख्खे भाऊ. मुलांचे स्कूल मात्र परके. ते लॅटिनमार्गे ग्रीकांकडून आले आणि ग्रीकांकडे त्याचा मूळ अर्थ होता, हसू नका, फुरसत! रिकामा वेळ! आमची कन्या सकाळी साडेसहाला अकरा किलोचे दप्तर घेऊन निघते, तिला ग्रीक येत नाही हे देवाचे उपकार.

टोळीच्या अर्थाचा तो जुना शब्द ज्या मुळापासून आला, त्याचा अर्थ फोडणे, वेगळे काढणे असा होता, असे विद्वान मानतात. मोठ्यातून तुटून वेगळा झालेला भाग, म्हणून टोळी. हे वाचले आणि मी मास्तरांच्या खुर्चीत ताठ बसलो. कारण आपणही तेच केले आहे. तुकड्यावरून तुकडी! सैन्याची तुकडी, शाळेतली तुकडी, 'पाचवी ब'. माशांना शाळेची उपमा मी चुकीच्या वाटेने दिली होती, आणि मराठीच्या मागल्या दाराने ती जराशी बरोबर निघाली. पण जराशीच. हिशेब चुकीच्या पद्धतीने करून उत्तर बरोबर आले, तर ऑडिटर शाबासकी देत नाही.

बरे, दुसऱ्याच्या भाषेला हसण्याचे कारण नाही. आपल्या घरातला 'मासा'च घ्या. एक मासा पाण्यातला, तो मत्स्यापासून आला. दुसरा मासा सोनाराच्या तराजूतला. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तो आला माषापासून, म्हणजे उडदापासून. एक मासा पोहतो, दुसरा वरणात शिजतो. 'तोळामासा प्रकृती' या शब्दातला मासा पाण्यातला आहे, असे मी स्वतः आठवीपर्यंत समजत होतो. पाण्याबाहेर काढल्यावर माशाची प्रकृती नाजूक होते, असा मी त्याचा सुसंगत अर्थही लावला होता. अर्थ सुसंगत असला की तो खरा असतो, हा गैरसमज त्या वयापासून माझ्या अंगात मुरलेला आहे.

आणि कधी नेमके उलटे असते. समुद्रातल्या उथळ उंचवट्याला इंग्रजीत आणखी एक नाव आहे : 'बँक'. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक मोठे पठार आहे, त्यावर प्रवाळ आहेत. त्याचे नाव आंग्रिया बँक, आपल्या कान्होजी आंग्ऱ्यांवरून पडलेले. ही एकच बँक मला ठाऊक आहे जिथे कोणी पासबुक भरून मागत नाही. आता कोणीही म्हणेल, की या बँकेचा आणि माझ्या बँकेचा काय संबंध? तर इथे आहे! पैशाची बँक ही इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आली. पाण्यातली बँक ही उंचवट्यावरून. पण बाक आणि उंचवटा, दोघांचे जर्मानिक कुळ एकच. म्हणजे जिथे संबंध वाटतो तिथे तो नाही आणि जिथे वाटत नाही तिथे आहे. अंदाजाने सांगणारा माणूस दोन्हीकडे आपटतो.

मी रीतसर आपटलो होतो. त्या रात्री मी कन्येला बोलावून सांगितले, की बाबाने परवा जे सांगितले ते चूक होते. मला वाटले, तिचा बापावरचा विश्वास उडेल. तिने फक्त विचारले, "मग ते गाथणचं पण चूक असेल का?"

या प्रश्नाने मला पालकसभेला जाणे भाग पडले.

आता मला कोणाशी भांडण उकरून काढायचे नाही. बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेलही हो, पण यादीत गाथणच आहे. साठ पेपर तपासायचे असतात. प्रत्येक जण आपल्या आजोबांनी सांगितलेलं लिहायला लागला तर मी काय करू?"

हे उत्तर मला कारकून म्हणून मनापासून पटले. सही जुळत नसेल तर धनादेश आम्हीही परत करतो. पण एक फरक आहे. सही जुळली नाही तर आम्ही त्या माणसाला बोलावतो, समोर पुन्हा सही करायला सांगतो, हाताला लकवा आहे का, पेन बदलले का, विचारतो. 'नमुन्याच्या कार्डावर नाही, तेव्हा तुम्ही नाहीच' असे सांगून त्याला दहा वेळा दुसऱ्याची सही गिरवायला लावत नाही. कन्येला कोणीतरी एकदा विचारायला हवे होते, 'थवा का लिहिलास?' एवढेच. एका वाक्याचे काम.

माझे खरे भांडण त्या यादीशी आहे. या याद्या करते कोण? 'नोटांचे पुडके' म्हणे! मी इतकी वर्षे नोटांत आहे. शंभर नोटांचे होते ते पॅकेट, दहा पॅकेटांचे होते ते बंडल. काउंटरच्या आत 'जरा शंभरच्या नोटांचे पुडके द्या' असे कोणी म्हणाला तर त्याला आधी पाणी देतील. पुडके हा शब्द वाईट नाही. पण तो काउंटरच्या बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. तसेच गाथणीचे. ती बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दिसते. समुद्राकडे बघत उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते, त्याला यादीत जागाच नाही. म्हणजे आम्ही मुलांना शब्द शिकवतो गिऱ्हाइकाचा आणि सांगतो, की हाच माशाचा शब्द.

साहेबही याच वाटेने गेले आहेत. इंग्रजीतल्या समूहवाचक शब्दांची एक मोठी यादी 1486 साली सेंट ऑल्बन्स इथे छापलेल्या पुस्तकात आहे. पुस्तक कशाचे? बहिरी ससाणे उडवणे, शिकार आणि घराण्यांची मानचिन्हे यांचे. अर्थात वाचक सगळे शिकारीचा शौक असलेले सरदार-जहागीरदार. त्यातले कित्येक शब्द तर निव्वळ चेष्टा आहेत. जोगिणींच्या समूहाला म्हणे 'नको इतक्या'! आणि कारकुनांचा समूह? त्यात 'कारकुनांचे स्कूल' असा शब्द आहे, आणि हे स्कूल शाळेतलेच. तेव्हा क्लार्क म्हणजे पढिक, विद्वान माणूस. पाचशे वर्षांत आमची किती घसरण झाली हे पाहून मी मास्तरांकडे दुसरा चहा मागितला. पण मुद्दा असा, की रिकाम्या वेळात रंगलेल्या लोकांनी थट्टेत केलेल्या याद्या पुढे शतकानुशतके पोरांच्या पाठांतराला लागल्या. थट्टेचे पाठांतर झाले की त्यातली थट्टा जाते आणि छडी तेवढी उरते.

त्यापेक्षा आजच्या शास्त्रज्ञांचे पाहा. त्यांना शोल आणि स्कूल असे एकाच अर्थाचे दोन शब्द आयते मिळाले. त्यांनी ते वाया घालवले नाहीत. मासे नुसतेच संगतीने एकत्र असतील तर शोल. आणि सगळे एकाच दिशेने, एका वेगाने, एकदम वळत पोहत असतील तर स्कूल. म्हणजे गाडी सुटण्याआधी फलाटावर असते तो शोल आणि सव्वीस जानेवारीला मैदानावर असते ते स्कूल. शब्द असे माशांकडे बघून वाटावेत, यादीकडे बघून नव्हेत.

आणि बघण्यासारखे किती आहे! त्या हजारो माशांत पुढारी कोणी नसतो. प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्यावर नजर ठेवतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक रेघ असते. पाणी जरा हलले तरी ती त्याला कळवते. शेजारी वळला की हा वळतो, हा वळला की पलीकडचा. मोठा मासा अंगावर आला, तर इतक्या चकाकत्या अंगांतून नेमके कोणाला धरावे हे त्याला उमगत नाही. संचालक मंडळ नाही, परिपत्रक नाही, दुपारची मीटिंग नाही, तरी कारभार बिनचूक. हे सगळे सासऱ्यांनी खांद्यावरच्या नातीला न सांगता दाखवले होते. आणि आम्ही तिला सांगितले, की ती माळ आहे.

माझा आक्षेप गाथण शब्दाला नाही, हे पुन्हा सांगतो. गाथण जगली पाहिजे. बाजारातल्या माशांची गाथण, पाण्यातल्या माशांचा थवा, दोन्ही शिकवा. मुलांच्या डोक्यात जागा पुष्कळ असते; कमी असते ती समासात. आणि समुद्राकाठच्या आजोबांना त्यांचा शब्द विचारा. कोश करणाऱ्यांनी विचारला तर फारच उत्तम.

अर्धा गुण मिळाला का, असे तुम्ही विचाराल. नाही मिळाला. मी आग्रहही धरला नाही. निकालपत्रक बनून गेले होते, आणि बनून गेलेल्या कागदाचे पावित्र्य मी जाणतो.

पण मला टोचते आहे ते अर्ध्या गुणाचे नाही. वार्षिक परीक्षेत निबंध आला होता, 'समुद्रकिनाऱ्यावरील एक सकाळ'. कन्येने सुरेख लिहिला. वाळू, शिंपले, दोन रांगांतली माणसे, आजोबांचा खांदा. बाईंनी शेरा दिला होता, 'छान'. मी कौतुकाने वाचत होतो आणि मधल्या एका ओळीशी थांबलो. तिथे वळणदार अक्षरात लिहिले होते : 'तेवढ्यात आजोबांनी मला पाण्यातून पोहत जाणारी माशांची मोठी गाथण दाखवली.'

मी ते वाक्य दोनदा वाचले. त्यावर काट नव्हती. पूर्ण गुण होते.